बहिस्थ, दूरस्थ, ऑनलाईन : एका परिभाषेची तपासणी

शिक्षणाची परिभाषा तपासताना एक प्रश्न आधी विचारला पाहिजे : हे शब्द कोणाच्या जागेवरून बोलले जातात? दूरशिक्षणाच्या परिभाषेला हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

पहिला शब्द 'बहिस्थ'. महाविद्यालयात नाव न घालता, घरी अभ्यास करून परीक्षा देणाऱ्याला आपली विद्यापीठे बहिस्थ म्हणत आली. बाबासाहेबांनी १९२७ साली आपल्या पत्राला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले. त्यातला 'बहिः' आणि हा 'बहिः' एकच. फरक एवढाच की, बहिष्कृत म्हटले की बाहेर घालणारा कोणीतरी आहे हे कळते; बहिस्थ म्हटले की माणूस आपणहून बाहेर उभा आहे असे वाटते. इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करून बी. ए.ची परीक्षा देणारा मुलगा हौसेने बाहेर राहिलेला नसतो. या शब्दात बाहेर ठेवणारा दिसेनासा होतो.

दुसरा शब्द 'दूर'. कोण कोणापासून दूर? दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी 'ट्रान्झॅक्शनल डिस्टन्स' ही संकल्पना मांडली. तिचा अर्थ असा की, शिक्षणातले अंतर मैलांत मोजायचे नसते. संवाद कमी आणि अभ्यासक्रमाची चौकट ताठर, तितके अंतर जास्त. आम्हांला हे नवे नाही. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव त्याच वर्गात होते, पण त्यांना वेगळे बसावे लागत होते. एका छताखालीही अंतर असते, ही आमची जुनी जाणीव आहे.

मूर पुढे म्हणतात की, अंतर वाढते तितकी विद्यार्थ्याकडून स्वायत्ततेची अपेक्षा वाढते. येथे तिसरा शब्द येतो, 'स्वयंअध्ययन'. हा शब्द घरात टेबल, दिवा आणि वाचलेले माणूस गृहीत धरतो. माझ्या घरातला पदवीधर मी पहिला. परीक्षेचा अर्ज कसा भरायचा, कोणते पुस्तक आधी वाचायचे, हे मला वसतिगृहातल्या वरच्या वर्गातल्या मुलांनी शिकवले. कोणत्याही पुस्तिकेत ते नव्हते.

कोल्हापूरने या अंतराला एक उत्तर दिले होते. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकाच शाळेत बसवले. अंतर तोडण्याची जबाबदारी संस्थानाची होती. २०२० च्या टाळेबंदीत ती गुपचूप विद्यार्थ्यावर आली. माझ्या वर्गातल्या शाहूवाडी तालुक्यातल्या एका मुलीच्या घरात एकच फोन होता आणि तो वडील कामावर नेत. ती रात्री ध्वनिमुद्रण ऐके, टिपणे काढी. हजेरीच्या यादीत मी तिला 'अनुपस्थित' लिहीत होतो. नवी परिभाषा माझ्याही हातून हेच करवीत होती.

म्हणून दूरशिक्षण नाकारायचे काय? मुळीच नाही. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले; बारावी न झालेल्यांसाठी तेथे पूर्वतयारीचा शिक्षणक्रम निघाला. संसारात आणि मजुरीत शाळा सुटलेल्या कितीतरी बायांना त्या दाराने आत येता आले. या शिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पुन्हा जाहीर केले. परंतु 'मुक्त' म्हणजे दार उघडणे एवढेच नव्हे. आत आलेल्याशी बोलणारे कोणी हवे. या परिभाषेत त्यासाठी 'संपर्क सत्र' हा एक चांगला शब्द आहे. त्यालाच केंद्रस्थानी आणले पाहिजे. जेथे संपर्क शून्य आहे, तेथे चालते ती परीक्षा; तिला शिक्षण म्हणू नये.

'शिका' आणि 'संघटित व्हा' या दोन गोष्टी बाबासाहेबांनी एकमेकींपासून तोडल्या नव्हत्या. एकट्याने फोनसमोर बसून पदवी मिळेल, सोबती मिळणार नाहीत. आपल्या वस्तीत बहिस्थ आणि मुक्तचे विद्यार्थी किती, याची यादी कार्यकर्त्यांनी करावी. आठवड्यातून एक संध्याकाळ समाजमंदिरात त्यांना एकत्र बसवावे, आणि आम्हां शिक्षकांना तेथे बोलवावे. आम्ही येतो की नाही, हेही मग तपासता येईल.