पूर्वज कुठे गेले? – ‘ख्रिस्तपुराणा’पुढचा एक प्रश्न

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आपल्याला माहीत असते ते चार-पाच ओव्यांपुरते. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्या ओव्या पाठ्यपुस्तकांत येतात, संमेलनांच्या भाषणांत येतात. एका इंग्रज जेझुइटाने आपली भाषा वाखाणली, या आनंदात आपण ग्रंथ मिटून ठेवतो. पण सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ भाषेच्या कौतुकासाठी लिहिलेला नाही. माणूस पापात कसा पडला आणि त्याला कोणी तारले, हे सांगण्यासाठी तो लिहिला आहे. त्या विषयाच्या अंगाने त्याची परीक्षा मराठीत कमीच झाली. ती करू पाहताना एक प्रश्न माझ्यापुढे पुनःपुन्हा येत राहिला: साष्टीतल्या ज्या श्रोत्यांसाठी हे पुराण रचले, त्यांचे मेलेले आईबाप, आजेपणजे या कथेत कुठे आहेत?

हा प्रश्न मला सुचला त्याला माझे गावही कारण आहे. हिंगोलीची नदी कयाधू. कयाधू हे प्रल्हादाच्या आईचे नाव. नदीच्या नावावरून लहानपणी प्रल्हादाची गोष्ट कानी पडली, ती खांब फुटण्यापाशी संपायची. पुढे भागवताचा सातवा स्कंध स्वतः वाचला तेव्हा कळले की खरी गोष्ट त्यानंतर आहे. नृसिंह वर माग म्हणतो, तेव्हा प्रल्हाद स्वतःसाठी काही मागत नाही. ज्याने आपला छळ केला, देवाचा द्वेष केला, त्या बापाचे पाप धुतले जावे, एवढेच मागतो. देव सांगतो, तुझ्यासारखा मुलगा घरात जन्मला, तेव्हाच तुझा बाप एकवीस पूर्वजांसह पावन झाला. पोटी एक भक्त आला की मागचे कूळ तरते, ही समजूत आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहे की ‘कुळाचा उद्धार’ आपण रागातही करतो आणि कौतुकानेही.

आता साष्टीकडे पाहू. स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि पुढची चाळीस वर्षे, 1619 मध्ये मृत्यू येईपर्यंत, तिथेच राहिले. 1616 मध्ये राचोल येथे त्यांचा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. आरंभीच प्रसंग येतो: चर्चमध्ये धर्मशिक्षण चालले असता एक ब्राह्मण श्रोता उठतो आणि विनवतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत एखादे पुराण द्या. श्रोत्याने विचारावे, वक्त्याने सांगावे, ही पुराणाची रीत त्यांनी उचलली. या विनवणीत बंदीचे दुःख आहे, आणि ते लपवलेले नाही, ही स्टीफन्स यांची प्रामाणिक बाजू.

पण त्या काळची कॅथलिक शिकवण कठोर होती. आदामाच्या पापाचा वारसा प्रत्येकाला जन्मतःच मिळतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1547 मध्ये ठरवले होते की स्नानसंस्कारावाचून, निदान त्याच्या इच्छेवाचून, त्या अवस्थेतून सुटका नाही. त्याआधी 1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने चर्चबाहेर मरणाऱ्यांच्या वाट्याला सार्वकालिक अग्नी दिला होता. मग स्नानसंस्कार घेतलेल्या माणसाने आपल्या आईविषयी काय समजावे? हा प्रश्न काल्पनिक नाही. फ्रान्सिस झेवियर यांनी जानेवारी 1552 मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात जपानमधल्या नव्या ख्रिस्ती लोकांची हकिगत आहे. नरकातल्या आपल्या आप्तांना प्रार्थनेने, दानाने सोडवता येईल का, असे ते विचारत. उपाय नाही हे कळल्यावर रडत. झेवियर लिहितात की त्यांचे रडणे पाहून आपल्यालाही वाईट वाटले. पण उत्तर त्यांनी बदलले नाही. पितृपंधरवड्यात वाढलेल्या साष्टीकराच्या मनात हाच प्रश्न आला नसेल, असे मानणे कठीण आहे.

इथे ग्रंथाची भाषा पाहावी लागते. स्टीफन्स स्वर्गाला वैकुंठ म्हणतात. गोव्याच्या कोंकणी प्रार्थनांत नरकाला आजही ‘येमकोंड’ म्हणतात, म्हणजे यमकुंड. कल्पना बाहेरून आली आणि तिला घर मिळाले ते इथल्या शब्दांत. पण शब्द एकटा येत नाही, आपली मुदतही बरोबर आणतो. भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरक सांगितले आहेत. त्यातला एकही कायमचा मुक्काम नाही. पाप भोगून संपले की जीव पुन्हा जन्माला येतो. यमाचे नाव ऐकलेल्या कानाला त्यात शिक्षा ऐकू येईल, पण अंत नसलेली शिक्षा सहज ऐकू येणार नाही. याला मोठा अपवाद मध्वमताचा. काही जीव कायमचे अंधतमसात जातात, असे ते मत सांगते, आणि गोव्यातले वैष्णव सारस्वत त्याच परंपरेचे. म्हणजे सार्वकालिक नरक इथे अगदीच अनोळखी होता, असे म्हणता येणार नाही. तरी कीर्तना-पुराणातून लोकांपर्यंत पोचलेला यम हा हिशेब करून सोडणारा यम आहे. सिद्धांत एक सांगतो आणि शब्द दुसरे सुचवतो, ही या ग्रंथाच्या पोटातली ओढाताण आहे. स्टीफन्स यांनी ती जाणून ठेवली, असा माझा दावा नाही. भाषेने ती आपोआप ठेवली.

दुसरी जागा कथेतलीच आहे. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात ख्रिस्त मरणानंतर अधोलोकात उतरला, असे म्हटले आहे. परंपरेनुसार तिथे आदाम, अब्राहाम, मोशे, दावीद त्याची वाट पाहत होते आणि त्याने त्यांना सोडवले. यांच्यापैकी कोणालाही स्नानसंस्कार मिळालेला नव्हता. म्हणजे ख्रिस्ताआधीच्या मेलेल्यांसाठी दार होते. पहिले पुराणच्या पुराण या परक्या पूर्वजांना दिलेले आहे. ते तरतात हे साष्टीचा श्रोता ऐकतो. ‘आणि माझे?’ हा प्रश्न तिथेच उभा राहतो. धर्मशास्त्रात त्याचे अर्धे उत्तर होते. येणाऱ्या तारकावर त्या कुलपतींचा विश्वास होता, म्हणून ते तरले. आमच्या नामदेवांच्या थोडे आधी होऊन गेलेल्या थॉमस अक्वायनस यांनी त्यापुढे जाऊन म्हटले होते की ईश्वर माणसाला तारतो एवढी श्रद्धा असलेल्या परक्यांतही तो विश्वास गर्भित असू शकतो. म्हणजे उत्तराचे बीज चर्चच्याच कोठारात होते. झेवियर यांच्या त्या उत्तरात ते दिसत नाही.

पुढे ते उगवले. चर्चबाहेर कोणीच तरत नाही, असे ताठरपणे शिकवत राहिलेले अमेरिकन पाद्री लिओनार्ड फीनी यांना बोलावूनही ते रोमला गेले नाहीत, आणि 1953 मध्ये बहिष्कृत झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये म्हटले की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. 2007 मध्ये रोमच्या धर्मशास्त्रीय आयोगाने स्नानसंस्काराविना गेलेल्या बालकांसाठीही आशा धरायला आधार आहे, असे सांगितले. प्राणघातक पापाला आजची शिकवण तीन अटी घालते: बाब गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी, मनापासून संमती हवी. शिवाय चर्चने हजारोंना संत ठरवले, पण अमुक माणूस नरकात आहे, असे एकाही नावाने कधी जाहीर केलेले नाही. नरक आहे, असे ते ठामपणे सांगते. तिथे कोण आहे, हे सांगत नाही.

याचा अर्थ दोन्ही धर्म एकच सांगतात, असा काढू नये. कॅथलिक मताप्रमाणे तारण कोणाचेही होवो, ते ख्रिस्तामुळेच होते. अजामिळाची कथा आणि ख्रिस्ताशेजारी क्रुसावर लटकलेल्या चोराची कथा सारखी वाटते, कारण दोघेही अखेरच्या घटकेला वाचतात. पण अजामिळ मुलाला हाक मारतो आणि त्या नावात नकळत देवाचे नाव येते. चोर आपला गुन्हा कबूल करून जाणूनबुजून याचना करतो. एकीकडे नामाची सत्ता, दुसरीकडे पश्चात्तापाची. हा भेद पुसून केलेले कौतुक ‘ख्रिस्तपुराणा’ला न्याय देत नाही.

माझा निष्कर्ष असा. कवी म्हणून स्टीफन्स आपल्या काळच्या धर्मशिक्षकापेक्षा मोठे ठरतात, ते त्यांनी मराठीची स्तुती केली म्हणून नव्हे. प्रश्न विचारण्याचा हक्क ज्या रचनेत श्रोत्याला आहे, ती रचना त्यांनी निवडली म्हणून. त्या ब्राह्मण श्रोत्याने एक पुराण मागितले आणि त्याला ते मिळाले. दुसरा प्रश्न त्याच्या मनात असेल तर त्याला उत्तर यायला साडेतीनशे वर्षे लागली, आणि ते आले तेही ‘होईल’ असे नव्हे, ‘होऊ शकते’ असे.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला वसईत, गोव्यात मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लागतात. बहुतेक वर्षी आपली दिवाळी तिच्या आसपासच असते, आणि सर्वपित्री अमावास्या नुकतीच होऊन गेलेली असते. मागे गेलेल्यांना सोडून एकट्याने तरून जावे, हे कोणालाच पटत नाही. कयाधूच्या मुलालाही ते पटले नव्हते.