न्यायिक सदसद्विवेक आणि गर्भपाताचा अधिकार : काही न्यायनिर्णयांची चिकित्सा

न्यायाधीशाच्या धर्मश्रद्धेचा गर्भपातविषयक निर्णयावर प्रभाव पडतो काय, हा प्रश्न अमेरिकेत उघडपणे विचारला जातो. डॉब्ज खटल्याच्या सुनावणीत, १ डिसेंबर २०२१ रोजी, न्या. सोनिया सोटोमायोर यांनी गर्भाच्या जीवनाविषयीची राज्याची भूमिका धार्मिक मताहून वेगळी कशी, असे मिसिसिपीच्या वकिलास विचारले होते. आपल्याकडे असा प्रश्न सहसा उद्भवत नाही. न्यायनिर्णयात धर्माचा उल्लेख नाही, म्हणून त्याचा प्रभावही नाही, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक वाटते.

येथे एक पथ्य पाळावयास हवे. न्यायाधीशाच्या आडनावावरून किंवा देवदर्शनावरून त्याच्या निर्णयाचा अर्थ लावणे ही समीक्षा नव्हे, कुचाळकी होय. तसेच प्रत्येक नकार श्रद्धेतून येतो असेही नाही. २००८ मध्ये डॉ. निखिल दातर आणि मुंबईतील एका दांपत्याने उच्च न्यायालयाकडे धाव घेतली, तेव्हा गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळला होता आणि चोवीस आठवडे उलटले होते. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याची मर्यादा त्या वेळी वीस आठवड्यांची होती. ती बदलणे हे संसदेचे काम, असे सांगून न्यायालयाने अनुमती नाकारली. निर्णय कठोर होता. परंतु त्याची कारणे कायद्यातच शोधता येतात.

ऑक्टोबर २०२३ मधील सर्वोच्च न्यायालयातील प्रकरण याहून निराळे आहे. दोन मुलांची आई असलेल्या, प्रसूतीनंतरच्या मानसिक व्याधीने ग्रस्त विवाहितेस ९ ऑक्टोबरला अनुमती मिळाली आणि ११ ऑक्टोबरला त्याच खंडपीठात मतभेद झाला. न्या. हिमा कोहली यांनी आपली न्यायिक सदसद्विवेकबुद्धी अनुमती देऊ देत नाही असे म्हटले, न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी त्या स्त्रीचा निर्णय मानावा असे मत दिले. गर्भाच्या हृदयाचे ठोके थांबवा असे कोणते न्यायालय सांगेल, हाही उद्गार निघाला. १६ ऑक्टोबरला त्रिसदस्यीय पीठाने चोवीस आठवड्यांची मर्यादा आणि कायद्यातील अपवाद यांच्या आधारे नकार दिला. म्हणजे नकारासाठी वैधानिक कारण उपलब्ध होतेच. मग सदसद्विवेकाला साक्षीस बोलावण्याचे प्रयोजन काय? या शब्दाच्या पोटात काय आहे, हे निर्णय वाचणाऱ्यास कळण्याचा मार्ग नाही. त्यात धर्म असेल, नसेलही. कारण तपासता येते, त्यावर अपील करता येते. सदसद्विवेकावर कसले अपील?

आपली भाषाही येथे निर्दोष नाही. धर्मशास्त्रात भ्रूणहत्येची गणना घोर पातकांत होते. लिंगनिवडीविरुद्धच्या चळवळीत ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द भिंतींवर, फलकांवर आणि निबंधस्पर्धांत रुळला. हेतू स्तुत्य होता. पण लिंगनिदान हा गुन्हा आणि गर्भपात हा कायदेशीर उपचार, हा भेद त्या एका शब्दाने पुसट केला. आपणही वर्गात तो शब्द सहजपणे वापरतो.

मुंबई उच्च न्यायालयाने दुसरी वाटही दाखविली आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये महिला कैद्यांसंबंधी स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत न्या. विजया ताहिलरमानी व न्या. मृदुला भाटकर यांनी गर्भधारणा स्त्रीच्या शरीरात घडते, म्हणून निर्णय तिचा, असे मांडले. जानेवारी २०२३ मध्ये न्या. गौतम पटेल व न्या. एस. जी. डिगे यांनी गर्भातील गंभीर व्यंगाच्या प्रकरणी, वैद्यकीय मंडळ प्रतिकूल असताना, बत्तीस आठवडे उलटल्यानंतरही अनुमती दिली. स्वायत्तता हीसुद्धा एक श्रद्धाच नव्हे काय, असा आक्षेप घेता येईल. तो अगदीच पोकळ नाही. तथापि, स्वायत्ततेला अनुच्छेद २१ चा आणि सुचिता श्रीवास्तव (२००९) या निर्णयाचा आधार दाखविता येतो. सदसद्विवेकाला असा आधार दाखविण्याची कोणाला गरजच भासलेली नाही.

मंद्रूपसारख्या गावातील स्त्रीला हा भेद केवळ तात्त्विक नाही. सोनोग्राफीत व्यंग उशिरा लक्षात येते. मग सोलापूर, वैद्यकीय मंडळ, आणि मंडळाने नकार दिल्यास उच्च न्यायालय. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाल्याने मुंबईची फेरी वाचली, एवढे खरे. परंतु प्रवासात आठवडे सरत असतात, आणि त्या दिवशी प्रकरण कोणत्या पीठासमोर येईल, हे तिला ठाऊक नसते.