फोटोतलं गाव कुठं गेलं?

नांदेडच्या शिखांच्या हल्लाबोल मिरवणुकीचे अलीकडचे फोटो पाहा. घोडेस्वाराच्या पापण्या मोजता येतील इतका चेहरा लख्ख, आणि मागं नुसती रंगांची पेज. चौक, गर्दी, गच्चीवर चढलेली माणसं, सगळं विरघळलेलं. फोटो नांदेडचा की पंजाबातल्या आनंदपूरचा, हे खालची ओळ वाचल्याशिवाय कळत नाही. लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेचं किंवा गंजगोलाईतल्या वरातीचंही तेच. या दोन जिल्ह्यांतलं छायाचित्रण तंत्रात इतकं निर्दोष कधी नव्हतं; इतकं एकसारखंही नव्हतं.

दोष ऑटोफोकसला देऊन रेंजफाइंडरचे गोडवे गायची सध्या फॅशन आहे. ती पोकळ आहे. रेंजफाइंडरमध्ये दोन खिडक्यांतून येणाऱ्या प्रतिमा मधल्या चौकोनात दिसतात. लेन्सची कडी फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. लायकानं 1932 मध्ये ही मापणी लेन्सला जोडली आणि 1954 च्या एम3 मध्ये ती कळसाला नेली. पण 1977 चा कोनिका सी35 एएफ, म्हणजे घाऊक प्रमाणात निघालेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा, हाही दोन प्रतिमाच जुळवत होता. जुळल्या की नाही हे माणसाच्या डोळ्याऐवजी हनीवेलचं उपकरण ठरवायचं, एवढंच. आजचे बहुतेक मिररलेस कॅमेरेही लेन्सच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश ताडून पाहतात. जात एकच. बिघडलं ते पुढं, कॅमेरा अंतर मोजून न थांबता फोटोत महत्त्वाचं काय हेही ठरवू लागला तेव्हा. डोळा दिसला की तो त्यालाच चिकटतो. माणसाचा, कुत्र्याचा, पक्ष्याचा, काही मॉडेलांत घोड्याचाही. (गाढवाचं नाव मी अजून यादीत पाहिलेलं नाही, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगाव यात्रेच्या गाढवबाजारावर हा अन्यायच.)

शिवाय रेंजफाइंडर आपल्या स्टुडिओंत कधी रुजलाच नाही. तिथं 120 फिल्मचा दोन लेन्सचा कॅमेरा असायचा, नंतर एसएलआर आले. एखाद्या हौशी माणसाकडे यशिका इलेक्ट्रो 35 सारखा रेंजफाइंडर असला तर असला. लग्नात तर अशा कॅमेऱ्याचा निभाव लागणं कठीण. 85 मिलिमीटरची लेन्स, एफ 1.8, नवरी दोन मीटरवर: सगळी मिळून जेमतेम 6 सेंटिमीटर जागा स्पष्ट येते. हार पडताना नवरी पुढं झुकली की हातानं केलेला फोकस गेला. अशा वेळी लग्नाच्या फोटोग्राफरला ऑटोफोकस सोडायला सांगणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं.

तरीही रेंजफाइंडरवाल्यांची एक सवय उचलण्यासारखी आहे. ते रस्त्यावर फोकस करतच बसत नसत. फुल फ्रेमवर 35 मिलिमीटरची लेन्स, एफ 8, अंतर तीन मीटरवर पक्कं केलं की साधारण 1.9 पासून 7.3 मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. मग नजर चेहऱ्यावर अडकत नाही. माणूस कशासमोर उभा आहे, फ्रेममध्ये अजून कोण शिरतंय, हे बघायला मोकळी होते.

याचं मोल किल्लारीत कळतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात तिथं माणसं मेली ती बरीचशी दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार अंगावर आल्यानं. तिथल्या फोटोत चेहऱ्यामागची भिंत पुसली, तर माणसं का मेली हेच पुसलं जातं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हाही नुसत्या तहानलेल्या चेहऱ्यानं काम भागणारं नव्हतं. टँकर, घागरी आणि रांग एकाच चौकटीत हवी होती. आज तोच प्रसंग आला तर आपले तरुण छायाचित्रकार एफ 1.8 वर एका म्हातारीच्या सुरकुत्या टिपतील आणि बक्षीस मिळवतील, अशी मला भीती आहे.

लाखांचा लायका घ्यायची गरज नाही. मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला जाल तेव्हा आहे त्याच कॅमेऱ्यात डोळा ओळखणारी सोय बंद करा. तीन मीटरवरच्या खांबावर फोकस करा, मग लेन्स ‘एम’वर न्या आणि कडीला हात लावू नका. मराठवाड्याच्या उन्हात एफ 8 आणि आयएसओ 400 ला सेकंदाच्या हजाराव्या भागाचा वेग सहज मिळतो. दिवस मावळला की खुशाल ऑटोफोकसकडे परत या. आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या स्पर्धांच्या परीक्षकांनी एकदा तरी पहिलं बक्षीस अशा फोटोला द्यावं, ज्याच्याखाली गावाचं नाव लिहावं लागणार नाही.