तळघरातली कानबाई

अमेरिकेतल्या आपल्या खान्देशी मंडळाची गोष्ट आपल्याला नव्याने सांगायला नको. हॉलचं भाडं, रात्री दहाची मुदत आणि गाणं नेमकं रंगात आलं की दिवे मालवायला येणारा चौकीदार, हे सगळ्यांनी भोगलंय. कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते आणि सोमवारी उठते, म्हणजे तिला तरी अमेरिकेची सोय कळते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र आपण बिनदिक्कत शनिवारवर ढकलतो.

पण मंडळातल्या आप्पांनी न्यू जर्सीतल्या आपल्या घराचं तळघर स्टुडिओसाठी मंडळाला दिलं आणि चौकीदाराची कटकट संपली. अख्ख्या खान्देशात शोधून असा माणूस सापडायचा नाही, आणि वहिनींसारखी बाई तर नाहीच. त्यांचं डीप फ्रीझर गॅरेजमध्ये गेलं, पापड-कुरडयांचे डबे जिन्याखाली गेले, तरी त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. (निघाला असेल तर आप्पांनाच ठाऊक.)

इथल्या थंडीत घराचा पाया जमीन गोठते त्या पातळीच्या खाली न्यावा लागतो, म्हणून तळघर आयतं मिळतं. स्टुडिओ आयता मिळत नाही. काँक्रीटच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये टाळी वाजवली की ती थरथरत परत येते. कुणीतरी अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला दिला होता. त्याने ना घुमणं थांबतं, ना वरच्या मजल्यावरची पावलं. आप्पांनी लाकडी चौकटींत चार इंच जाडीची रॉकवूल भरून वर सुती कापड ताणलं. कोपऱ्यांत त्याहून जाड थर दिले, कारण ढोलाचा खर्ज तिथेच साचतो. पावलांसाठी छताला ड्रायवॉलचे दोन थर, मध्ये चिकट लेप, आणि सगळं रबरी क्लिपांवर टांगलेलं. आधीच ठेंगणं छत आणखी खाली आलं. मंडळाचे उंच अध्यक्ष आता तिथे मान तुकवूनच वावरतात, आणि ते एका अर्थी बरंच झालं.

पहिलं ध्वनिमुद्रण कुणाचं, यावर भांडण झालंच. रावेर-यावलकडच्यांना लेवा गणबोलीतलं हवं, धुळे-शिरपूर-अमळनेरकडच्यांना अहिराणीतलं. शेवटी मान वयाला मिळाला. अमळनेरकडून मुलाकडे आलेल्या मोठीमायला.

खुर्चीवर बसून गाता येईना, म्हणून सतरंजी अंथरली आणि माईक गुडघ्याच्या उंचीवर आणला. एसीचा ब्लोअर आणि डिह्युमिडिफायर बंद केले, कारण कंडेन्सर माईकला त्यांची घरघर आपल्यापेक्षा जास्त ऐकू येते. हवा कोंडली, आपण घामाघूम झालो. जळगाव-धुळ्याचा मे महिना काढलेल्या मोठीमायला त्याचं काय! हेडफोन तिने एकदा कानाला लावला आणि बाजूला ठेवला. यंत्रावर बसलेल्या मुलाने अदबीने विचारलं, आजी, बांगड्या काढाल का, आवाज येतोय. खोलीतल्या सगळ्या बायका त्याच्याकडे वळल्या. मोठीमाय रागावली नाही, पण काढल्याही नाहीत.

एकटीने गायला ती तयार नव्हती. कानबाईचं गाणं एकटीचं नसतंच, एकीने उचलायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. वहिनी आणि आणखी तिघी तिच्याभोवती बसल्या. पहिली ओळ जरा कापरी आली. दुसऱ्या कडव्यापासून तिने डोळे मिटले आणि नारळाच्या कानबाईला नथ, काजळ, साडी असं एकेक लेणं चढवत निघाली. मुलाने संगणकावर लावलेली टिकटिक तिच्या लयीपुढे कधीच मागे पडली होती. जिथे श्वास घ्यावासा वाटला तिथे ती थांबली, मनात आलं तिथे ओळ ताणली. बांगड्या मात्र बरोबर समेवर वाजत होत्या. आता त्या ध्वनिमुद्रणात तोच एक ताल आहे, आणि तो पुसायचा नाही असं त्या मुलाने स्वतःहून ठरवलं.

मग तडजोडी. अर्धा तास चालणारं गाणं यूट्यूबसाठी साडेतीन मिनिटांचं झालं, खाली कीबोर्डचा ढोल आला. नव्या पिढीला असंच लागतं म्हणे. बहिणाबाईंचंही हेच झालं, असं सांगणारे भेटतात. आसोद्याच्या त्या माउलीने शेतात, जात्यावर गाणी रचली. तिला लिहिता येत नव्हतं. तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने टिपून घेतली तेवढीच उरली. 1951 साली ती गेली, 1952 साली अत्र्यांच्या आग्रहाने पुस्तक निघालं, 1961 साली ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांच्या चालीवर तिची गाणी आली. त्या चाली गोड आहेत, मी रोज गुणगुणतो. पण बहिणाबाई स्वतः कुठल्या सुरात गात होत्या, ते कागदावर उतरलं नाही. म्हणून माझा हट्ट एवढाच आहे: साडेतीन मिनिटांचं खुशाल करा, मूळ अर्धा तास फेकू नका.

पुण्याकडे हेमा राइरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट. आपल्या अहिराणीसाठी हे कोण करणार? आपली मुलं स्टुडिओत येतात ती यंत्रांसाठी. इक्वलायझर त्यांना कळतो. मोठीमाय काय म्हणाली ते नातवाने मला इंग्रजीत विचारलं. तो गुन्हा त्याचा नाही. घरात अहिराणी गावंढळ म्हणून आपणच प्रमाण मराठीवर आलो, आणि पुढे तीही सोडली. भाऊबंदकीबाहेर न जाणारा कानबाईच्या प्रसादाचा रोट इथे अख्ख्या मंडळाला वाटतो, त्याचं मला काही वाटत नाही. इथे हीच भाऊबंदकी. पण झेलायला बसलेल्या चौघींत पन्नाशीच्या आतली एकही नव्हती, याचं वाटतं.

तर श्रावणाच्या आत एवढं करा. गावाकडच्या आई-मावशीचं गाणं फोनमध्ये असेल तर व्हॉट्सॲपवर पाठवू नका, त्यात आवाज दाबला जातो. मूळ फाइल पेनड्राइव्हवर आणा. सोबत गाव, तालुका आणि गाणारीचं नाव लिहा. ‘आमच्याकडचं गाणं’ एवढ्याने भागत नाही, रावेरची चाल शिरपूरला चालत नाही. आणि येताना मुलींना घरी अभ्यासाला बसवून येऊ नका. सतरंजीवर जागा आहे.