‘आत्मवृत्ता’तील पायपीट आणि विद्यापीठाची वाट

विद्यार्थ्यांच्या प्रवासाची साधने बदलली; त्या प्रवासाकडे पाहण्याची दृष्टी मात्र फारशी बदलली नाही. ‘पूर्वीचे लोक पायी जात’ हा उपदेश अद्याप ऐकू येतो, आणि त्यास आधार म्हणून धोंडो केशव कर्वे यांच्या ‘आत्मवृत्ता’चा (१९१५) दाखला दिला जातो.

वस्तुतः या ग्रंथात पायपीट दोन प्रकारची आहे. मुरुडचा मुलगा परीक्षेसाठी कुंभार्ली घाट ओलांडून साताऱ्यास चालत जातो, आणि वय कमी दिसते म्हणून त्यास परीक्षेस बसू दिले जात नाही. ही पायपीट परीक्षाकेंद्राच्या दूरत्वाने लादलेली आहे. पुढे फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन करीत असता हिंगण्याच्या आश्रमाकडे घातलेल्या खेपा मात्र अंगीकृत कार्यासाठी स्वेच्छेने पत्करलेल्या आहेत. पहिलीत व्यवस्थेची उणीव दिसते, दुसरीत व्यक्तीचा निश्चय. दोहोंस ‘कष्ट’ या एकाच सदरात घालणे म्हणजे उणिवेलाच सद्गुण ठरविणे होय.

हा भेद आजही उपयोगी आहे. १९४९ साली पुणे विद्यापीठ जुन्या शहराबाहेर, गणेशखिंडीत स्थापन झाले. तिकडे जाणारी सायकल मागे पडून स्कूटर व मोटारसायकल आली. परंतु ज्यास स्वतःचे वाहन परवडत नाही, त्याचे अंतर आजही बसच्या वेळेनेच मोजले जाते. म्हणून प्रवास सुखाचा झाला काय, हा प्रश्न गौण होय. विद्यापीठापर्यंत कोण पोहोचू शकले नाही, हा खरा प्रश्न. कर्व्यांनी साताऱ्याचा नकार नमूद करून ठेवला आहे. पायपिटीचा गौरव करणारे नेमका तोच वगळतात.