भिंतीवर वारली, शेजारी कोरकू

आपल्याकडे नव्या इमारतीत आदिवासी संस्कृती दाखवायची ठरली, की बहुधा गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांतली त्रिकोणी माणसे येतात आणि तारप्याभोवती फेर धरतात. चित्र देखणे असते, त्याबद्दल तक्रार नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी डहाणू तालुक्यातली ही कला जगभर नेली आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे आनंदाचेच. पण डहाणू समुद्राकाठी आणि आपण वऱ्हाडात. वरूड-मोर्शीच्या संत्राबागा ओलांडून उत्तरेकडे नजर टाकली तर सातपुडा दिसतो. त्याच रांगेत पश्चिमेला धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटचे दोन तालुके, आणि तिथले कोरकू. अमरावती जिल्हा एकच, तरी आमच्या वाचनालयांच्या आणि महाविद्यालयांच्या भिंतींवर त्यांचा मागमूस नसतो. आदिवासी म्हणजे वारली, हे समीकरण इतके सोपे झाले आहे की रंगाऱ्याला काही विचारावेही लागत नाही.

ग्रंथालयाच्या वास्तुरचनेत स्थानिक आदिवासींचे काय घ्यावे, हा प्रश्न म्हणूनच वऱ्हाडात चित्रापाशी सुरू होऊन चित्रापाशीच संपतो. माझ्या मते कोरकूंकडून घेण्यासारखे पहिले म्हणजे गावाची मांडणी. रुंद वाट, तिच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या ओळी, कुडाच्या मातीने लिंपलेल्या भिंती, वर कवेलू. कुणी दारात बसला की समोरच्या ओळीला तो दिसतो, आणि गावाचे बोलणे त्या मधल्या वाटेवर चालते. आता आपली अभ्यासिका आठवा. प्रत्येकाला लाकडी खोपटे, तोंड भिंतीकडे, समोर स्पर्धा परीक्षेचा ठोकळा. ही सोय गरजेची आहे, ती मोडा असे कुणी म्हणणार नाही. पण सगळे ग्रंथालयच अशा खोपट्यांचे झाले, तर पाड्यावरून पहिल्यांदा विद्यापीठात आलेल्या मुलीला तिथे चारजणींत बसून वाचायला जागा उरत नाही. समोरासमोरचे ओटे, मध्ये वाट आणि वर उन्हाळ्यात तापणार नाही असे छप्पर, एवढे जरी नकाशात आले तरी भिंतीवरच्या दहा चित्रांपेक्षा ते कोरकू ठरेल.

काय घेऊ नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. कोरकूंचा मुंडा म्हणजे मृतांसाठी उभारलेली सागवानी कोरीव फळी. तिच्यावर सूर्य-चंद्र असतात, घोडेस्वार असतात, हातात हात घालून नाचणारी माणसे असतात. सिडोलीच्या विधीत ती उभी राहते आणि गेलेला माणूस पितरांत सामील होतो. संग्राहकांना ती शिल्प म्हणून भावते यात नवल नाही. कोरकाम अप्रतिमच असते. उद्या कुणी उत्साही वास्तुविशारद तिची प्रतिकृती ग्रंथालयाच्या प्रवेशद्वाराशी, फिरत्या दरवाज्याच्या बाजूला ठेवील, अशी भीती मला वाटते. आपल्या आजोबांच्या श्राद्धाचा पिंड कुणी स्वागतकक्षात मांडला तर आपल्याला कसे वाटेल? धारूळजवळच्या अंबादेवी परिसरातल्या शैलचित्रांचेही तेच. 2007 साली डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उजेडात आणली. ती काचेच्या दारांवर छापायचा मोह अनेकांना होईल. त्यापेक्षा वाचकाला ती समजावून सांगणारे एक चांगले दालन काढा.

जगात या बाबतीत दोन टोके दिसतात. मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय विद्यापीठाचे मध्यवर्ती ग्रंथालय हुआन ओ'गॉर्मनने देशभरातून गोळा केलेल्या रंगीत दगडांच्या मोझेकने चारही बाजूंनी मढवले. उत्तरेच्या भिंतीवर स्पॅनिश लोक येण्यापूर्वीचे जग आहे. पाहणारा थक्क होतो, पण आत मात्र पुस्तकांचे कोठार जगातल्या कुठल्याही कोठारासारखेच. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले ह्वेइह्वा ग्रंथालय याच्या उलट. ते आकाराने लहान, अर्धे जमिनीत, प्रांताच्या अंतर्भागातल्या मूळ रहिवाशांच्या खड्ड्यातल्या घरासारखे. त्याची खरी करामत मात्र फडताळांत आहे. ब्रायन डियर या मोहॉक ग्रंथपालाने 1970च्या दशकात मांडलेल्या वर्गीकरणावर ती लागली आहेत, म्हणजे शेजारी राहणारे लोक शेल्फवरही शेजारी येतात. भोपाळचे 2013 साली उघडलेले जनजातीय संग्रहालय या दोन टोकांच्या मधले. कामथ डिझाइन स्टुडिओची इमारत, आतली रचना आदिवासी कलाकारांच्या हातची, आणि मध्य प्रदेशच्या जमातींमध्ये कोरकूही आहेत. आपल्या कोरकूंना सीमेपलीकडे जितका मान मिळाला तितका अलीकडे मिळाला नाही, हे वऱ्हाडाला टोचायला हवे.

अमरावतीचे विद्यापीठ 1983 साली स्थापन झाले आणि पुढे त्याला गाडगेबाबांचे नाव मिळाले. कीर्तनातून, बोलून आणि प्रश्न विचारून लोकांना शिकवणाऱ्या माणसाचे. ग्रंथालय ओळखले जाते ते पदव्या आणि पुस्तके यांत रमलेल्या श्रीकांत जिचकारांच्या नावाने. त्यामुळे बोलणे आणि वाचणे या दोन्ही गोष्टी तिथे नावापुरत्या तरी शेजारी आहेत. कोरकू ही मुंडा भाषाकुळातली पश्चिमेकडची टोकाची भाषा. लिहायची झाली तर देवनागरीत. ड्यूईच्या दशांश पद्धतीत या कुळाला 495.95 हा क्रमांक मिळतो. मराठी 491.46 वर. म्हणजे घरात दोन्ही भाषा बोलणारे कोरकू लेकरू दोन पुस्तके शोधायला दोन वेगळ्या कपाटांकडे जाणार. लोककथा 398 मध्ये, विधी तिसरीकडे, जंगलाचे ज्ञान शेतीच्या किंवा वनस्पतिशास्त्राच्या रांगेत. यावर उपाय म्हणजे मेळघाटचा एक स्वतंत्र संच, त्यात ध्वनिमुद्रणे, आणि ती ऐकायला चांगली, आवाज न घुमणारी खोली. हे काम वास्तुविशारदाचेही आहे आणि ग्रंथपालाचेही. त्या ध्वनिमुद्रणांवर कुणाचा हक्क, कोणते गाणे कोणत्या विधीबाहेर ऐकवायचे नाही, हे मात्र आधी गावात बसून ठरवावे लागेल. ती बैठक नकाशा काढायच्या आधी व्हायला हवी.

बांधायला माणसे नाहीत असेही नाही. धारणी तालुक्यात लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी नव्वदच्या दशकात उभे केलेले संपूर्ण बांबू केंद्र आहे. तिथे बांबूचे घर, फर्निचर, वस्तू तयार होतात आणि त्यात आदिवासी कारागिरांचे हात असतात. अडचण निविदेत असते. इमारतीचे अंदाजपत्रक मंजूर होताना कला हा शेवटचा, उरल्या पैशांतला रकाना असतो. मग कंत्राटदार एखादा रंगारी आणतो आणि भिंत आठवड्यात वारली होते. बांबूचे ओटे, मातीचे लिंपण आणि ऐकण्याची खोली यांना मूळ अंदाजपत्रकात आपापली ओळ मिळाली, आणि त्या ओळीसमोर कंत्राटदाराऐवजी मेळघाटातल्या कारागिराचे नाव आले, तर पुढच्या विद्यापीठ इमारतीबद्दल लिहिताना समीक्षकाला भिंतीकडे बघून सुरुवात करावी लागणार नाही.