माळवदाखालचे घर, आजच्या माणसांसाठी

जुने घर वाचायचे तर छतापासून सुरुवात करावी. दारावरची गणेशपट्टी, कोरीव खांब, पितळी कड्या यांचे कौतुक होतच राहते. पण प्रवराकाठच्या कोल्हारात, लागूनच्या भगवतीपुरात, पुढे लोणीकडच्या गावठाणांत जी माळवदाची घरे अजून तग धरून आहेत, त्यांची खरी अक्कल डोक्यावरच्या सपाट मातीच्या थरात आहे.

हा पर्जन्यछायेतला मुलूख. वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक समाधान मानतात. कोकणासारखे उतरते कौलारू छप्पर इथे कुणाला लागलेच नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर बारीक किलच्या, त्यावर कडुनिंबाचा नाहीतर तरवडाचा पाला, मग चिखल आणि सर्वांत वर पांढरी माती. शेतातली काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून ती छतावर चालत नाही. पांढरी मिळते ती गावठाणाच्या टेकाडावर: चुलींची राख, पडलेल्या भिंती, पिढ्यांचा केरकचरा मुरून झालेली. म्हणजे जुन्या घरांची माती नव्या घराला पावसापासून राखते. मृगाआधी ती पुन्हा पसरायची, चोपायची, पन्हळी साफ करायच्या. उन्हाळाभर त्याच छतावर कुरडया-पापड वाळायचे आणि रात्री अंथरुणे पडायची. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर चाळीस अंशांवर ऊन असताना आत माठातल्यासारखा गारवा असतो, तो या जाड थराचा आणि दोन-तीन फूट रुंद भिंतींचा.

हे सगळे खरे, आणि तरीही हे छत जसेच्या तसे ठेवा असे मी कुणाला सांगणार नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसे गेली ती बहुतेक झोपेत, आणि त्यांतल्या असंख्यांवर कोसळले ते असेच जड माळवद आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती. दरवर्षी माती चढत जाते, जुनी कुणी उतरवत नाही, आणि थर फुटा-दोन फुटांचा होतो. भिंत बाहेरून चिरेबंदी दिसली तरी आत दोन स्वतंत्र पापुद्रे आणि मधे दगडगोट्यांची भर असते. हादरा बसला की पापुद्रे सुटतात. भूकंपानंतर अभियंत्यांनी सुचवलेले उपाय महागडे नव्हते: वरची माती कमी करा, भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड बसवा, खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरपे आधार द्या, भिंतीभोवती पट्टा घाला. कोल्हार-लोणीचा अहिल्यानगर (पूर्वीचा नगर) जिल्हा लातूरइतका हादरलेला नाही. म्हणून दुरुस्तीच्या यादीत हा खर्च शेवटी जातो आणि बहुधा तिथेच राहतो. तो पहिला असावा. छत हलके करून त्यावर पाणी अडवणारा पातळ थर दिला, तर गारवाही बराचसा टिकतो आणि डोक्यावरचे ओझेही उतरते.

बहुतेक ठिकाणी मात्र घडते दुसरेच. माळवद उतरवून थेट स्लॅब पडतो. त्यामागेही इतिहास आहे. भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले, ओझरच्या बंधाऱ्यापासून प्रवरेचे कालवे निघाले, कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950-51 च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. ज्वारी-बाजरीच्या घरात उसाचा पैसा आला. ज्या घरात पेव आणि बळद धान्याने भरलेले असणे हेच वैभव होते, तिथे धान्य साठवायची गरजच हळूहळू सरली. स्लॅब हे त्या नव्या पैशाचे छत होते. ऐपत दाखवायला ते उत्तम, मेमध्ये झोपायला अत्यंत वाईट. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहालाही गरम झळ सोडतो, आणि मग पंखा, कूलर, एसी असा खर्चाचा जिना चढत जावा लागतो.

आता खाली उतरू. या घरांची रचना सांगायला सोपी, पण तिच्यातला क्रम फार विचाराचा आहे. आधी ओटा, मग ओसरी, मग सोपा, मग माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर आणि देवघर, मागे परस, न्हाणी, गोठा. रस्त्यावरचा माणूस किती आत येणार हे कुणी बोलून दाखवत नसे, घरच ठरवी. ओळखीचा ओट्यावर टेके, कामाचा ओसरीवर, नात्यातला सोप्यात, जवळची बाई थेट माजघरात. पायरीपायरीने उजेडही कमी होत जाई. ओसरीत लखलखीत, सोप्यात मवाळ, माजघरात झरोक्यातून उतरणारा एकच कवडसा. दुपारभर तो जमिनीवरून सरकत भिंतीवर चढे आणि बायका त्यावरून वेळ ओळखत.

या क्रमाचे सौंदर्य मला मनापासून मान्य आहे. त्याची किंमत कोण देत होते, हेही त्याच क्रमात लिहिलेले आहे. घरातला सर्वांत जास्त काम करणारा माणूस सर्वांत कमी उजेडात, सर्वांत जास्त धुरात बसलेला. बाळंतिणीची खोली सर्वांत कोंदट. बाजूला बसणाऱ्या बाईसाठी कोपरा राखलेला, आणि तोही अंधाराच. रसिकतेने वाडे पाहणारे या ओळी पटकन ओलांडून पुढे जातात.

महेश एलकुंचवारांनी त्या ओलांडल्या नाहीत. त्यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक 1985 मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनात रंगमंचावर आले, तेव्हा विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांचा वाडा मराठी प्रेक्षकाला आपला वाटला, कारण प्रत्येकाच्या ओळखीत असा एक वाडा होताच. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर हे त्या नाटकातले सर्वांना आठवणारे चित्र. घर नव्या काळात न्यायचा एकच प्रयत्न झाला, आणि तो असा: एक यंत्र विकत आणून दारात उभे करायचे. आतले काहीच हलले नाही. शिकायची राहून गेलेली प्रभा आत, राबणारा चंदू आत, वहिनीचे दिवस चुलीपाशी. नाटकभर वाटत राहते की पैसा नाही म्हणून वाडा दुरुस्त होत नाही. नीट पाहिले की कळते, पैसा असता तरी देशपांड्यांनी दर्शनी भिंतच आधी रंगवली असती. घराची दुरुस्ती म्हणजे घरात कुणाची जागा कुठे, हे नव्याने ठरवणे, आणि त्याला त्या वाड्यात कुणीच तयार नव्हते.

म्हणून स्वयंपाकघरापाशी थोडे थांबू. चुलीपुढे बसणारी बाई धूर गिळत होती, गुडघे झिजवत होती. पण तिचे तोंड पंगतीकडे असे. कोण काय जेवले, कुणी ताट तसेच ठेवले, माजघरात कोण आले, हे तिला बसल्या जागी दिसे. गॅस आला, बत्तीस-चौतीस इंचांचा उभा ओटा आला, धूर गेला, पाठ सरळ झाली. ही सुधारणा निर्विवाद मोठी. फक्त गवंड्याने ओटा भिंतीला लावला आणि बाईचे तोंड भिंतीकडे झाले. घरात गप्पा चालतात त्या आता तिच्या पाठीमागे. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत बहुधा भार पेलणारी असते, ती सरसकट पाडता येत नाही. पण तुळईखाली लोखंडी आधार देऊन कमरेच्या वर चार-पाच फुटांची फट उघडता येते आणि ओटा तिच्याकडे तोंड करून बसवता येतो. एका खिडकीएवढे काम आहे. नव्या घरांच्या नकाशांत ‘ओपन किचन’ म्हणून जे मोठ्या ऐटीने दाखवतात, त्यातली निम्मी सोय चुलीला होतीच.

झरोक्याचेही तसेच. स्लॅब पडला की तो बुजतो आणि माजघरात दिवसा दिवा लागतो. छत राखणाऱ्याने झरोका राखावा, वर काच बसवावी. स्लॅब टाकणाऱ्यानेही तेवढीच जागा काचेच्या विटांसाठी सोडावी. गळेल या भीतीने गवंडी नाही म्हणतो. कडा चार बोटे उचलून घेतल्या की गळत नाही.

भिंतींबाबत एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण तिथे चांगल्या हेतूनेच सर्वाधिक नुकसान होते. कालव्याच्या आणि नदीच्या मुलखात जमिनीतली ओल भिंतीत चढते. मातीची किंवा चुन्याची भिंत ती ओल बाहेर सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, वर सरकते, क्षार फुगतात आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे सुटतात. मालक म्हणतो लोणा लागला, आणि आणखी सिमेंट थापतो. जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा द्यावा. घाण्यात मळलेला चुना, त्यात गुळाचे आणि हिरड्याचे पाणी, हे ज्ञान म्हाताऱ्या गवंड्यांबरोबर चालले आहे. शोधले तर अजून माणसे मिळतात.

न्हाणी आणि संडास या विषयावर रसग्रहणात लिहू नये असा संकेत असावा, कारण वाड्यांवरच्या सुंदर पुस्तकांत त्यांची छायाचित्रे फार दिसत नाहीत. तरी जुन्या घरात राहणे जमेल की नाही याचा निकाल तिथेच लागतो. परसाच्या टोकाला संडास, वाटेत दोन उंबरे, एक पायरी, ओली फरशी आणि रात्रीचे दोन वाजलेले. सत्तरीपुढच्या माणसाला हा प्रवास म्हणजे धास्ती. मुले पुण्याला नेतात ती पुष्कळदा याच एका कारणासाठी. रिकामा गोठा बहुतेक घरांत आहेच, त्याचा माजघराकडचा भाग घेऊन कमोड, भिंतीत पक्का दांडा, न घसरणारी फरशी, बाहेर उघडणारे दार एवढे केले की घर दहा-पंधरा वर्षे अधिक जगते. दारे बुटकी आणि अरुंद असतात. चाकाची खुर्ची जायला निदान अडीच-तीन फूट रुंदी हवी. सगळी दारे मोठी करू नयेत, भिंत कमजोर होते. झोपायची खोली, न्हाणी आणि ओसरी यांना जोडणारी एकच वाट रुंद आणि बिनउंबऱ्याची करावी.

सेवाग्रामची बापू कुटी पाहायला जाणाऱ्यांनी या नजरेनेही ती पाहावी. ती मुळात मीराबेनची झोपडी. गांधीजी तिथे राहायला आले आणि त्यांच्या वयाच्या, प्रकृतीच्या गरजेप्रमाणे तिच्यात भर पडत गेली, अगदी न्हाणीघरासकट. भर पडली ती माती, बांबू आणि कौलांतच. जोड कुठे आहे हे शोधावे लागते. सोयीसाठी घराचा स्वभाव मोडावा लागत नाही, याचा इतका स्वस्त पुरावा महाराष्ट्रात दुसरा नसेल.

ओसरीबद्दल माझे मत पक्षपाती आहे. गावठाणाच्या आतल्या बोळांत ती उघडीच राहू द्यावी. तिथे लोखंडी जाळी लावून ‘हॉल’ केला की घरातला म्हातारा माणूस टीव्हीसमोर जातो आणि गल्लीतून नाहीसा होतो. ओसरीवर बसलेल्या माणसाला दिवसभरात पंधरा जण हाक मारतात. हे औषध कुठल्या दुकानात मिळत नाही. नगर-मनमाड रस्त्यालगतच्या घरांना मात्र हा सल्ला लागू नाही. कोल्हारच्या पुलावरून ट्रक आणि शिर्डीच्या गाड्या रात्रंदिवस धावत असतात. तिथे पुढच्या भागाचे गाळे झाले, त्यात गैर काय? आवाज आणि धूळ दुकानाने झेलावी, माणसांनी मागे सरकावे. फक्त मागे सरकलेल्या घराला मधल्या उघड्या चौकाचा उजेड शिल्लक राहिला पाहिजे.

आणि चौक तरी शिल्लक कुठे असतो? वाटणीत सर्वांत आधी तोच जातो. दोन भावांच्या मधोमध भिंत उभी राहते, निम्मे तुळशीवृंदावन इकडे, निम्मा जिना तिकडे. एका भावाने स्लॅब टाकायला तुळई कापली की दुसऱ्याचे माळवद लटकते. गावठाणातली कितीतरी घरे ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर अजून आजोबांच्या नावाने आहेत. त्यामुळे दुरुस्तीला कर्ज मिळत नाही आणि संमतीसाठी चुलतभावांच्या पाया पडावे लागते. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रके मिळू लागली, हे या घरांच्या दृष्टीने मोठे काम आहे. कागद सरळ झाला की भाऊ सरळ होतातच असे नाही, पण बोलणे सुरू होते. तोवर पडीक घराचे सागवान विकत घेणारे दारात येऊन उभे राहतात, आणि ज्या खांबांनी शतकभर माळवद पेलले ते शहरातल्या हॉटेलात शोभेला जातात.

ज्यांच्याकडे असे घर आहे आणि यंदा काही करायचे मनात आहे, त्यांना एवढेच सांगणे: पहिला पैसा छत हलके करण्यावर आणि भिंती बांधून घेण्यावर घाला, दुसरा न्हाणीवर, तिसरा स्वयंपाकघराच्या उजेडावर. दर्शनी भाग, रंग आणि कोरीव खांबांचे पॉलिश उरलेल्या पैशांत. आणि गवंड्याला बोलावण्याआधी ज्या बाईचे आयुष्य त्या घरात गेले, तिला एकदा सगळ्या खोल्यांतून फिरवून कुठे काय अडते ते विचारा, आणि ती सांगेल ते लिहून घ्या.